साखरेच्या डब्यातली किल्ली

अप्पा,

गच्चीची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. हात टेकले तुमच्यापुढे!

पहिले दोघे सोलरवाले "मी स्वतः ओतलेला स्लॅब, त्यात काय बघायचंय?" हे तुमचं ऐकून खालूनच माना डोलवून गेले, म्हणून ते तुम्हाला पसंत. तिसरा म्हणाला, "गच्ची बघितल्याशिवाय मी पॅनेल बसवत नाही," तर त्याला दारातूनच पिटाळलंत.

आज तुम्ही फिरायला गेल्यावर मी त्याला परत बोलावलं. तासभर हातोडीने ठोकत फिरला. म्हणाला, "गवंडी पक्का होता. फक्त स्वयंपाकघरावरचा कोपरा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तिथे पोकळ वाजतंय, आधी ते दुरुस्त करू."

मी त्याला अवाक्षरानेही सांगितलं नव्हतं. तो कोपरा ओतला तेव्हा तुम्ही आईपाशी दवाखान्यात होतात. म्हणूनच किल्ली लपवलीत ना? अहो, दोष देतंय कोण तुम्हाला?

मी कामावर निघाले. तो उद्या सकाळी येईल. किल्ली खिळ्याला अडकवलीय, तिथेच राहू दे. आणि काम त्यालाच द्यायचं. नुसत्या आवाजावरून तुमचा हात ओळखणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

— धाकटी