खड्डा परसात की पुढं

११ जानेवारी १९७१, सोम.
सासूबाईंच्या कोंबड्या पुन्हा मेथीत. कुठं जरा वर आली होती, तर सगळा वाफा उकरून ठेवलाय. हाकलायला धावले तर ओट्यावरून सासूबाई, "मुकं जनावर हाय गं, त्येला काय कळतंय!" मुक्याला कळत नाही. बोलणाऱ्यांना तरी कुठं कळतंय? सगळं कळून घ्यायचं ते मीच. बाभळीच्या काट्या ओढून आणून कुंपण घातलं. एक काटा बोटात गेलाय, अजून आत आहे. लिहिताना ठणकतंय. तरी लिहिते. काट्याचं कोणाला सांगितलं तर हसतील.

१५ जाने.
पहिली वांगी निघाली. काटेरी, गार, दव बसलेली. काढताना उगाच थोडा वेळ हातात धरून बसले.
दुपारी भरीत केलं. भाऊजी मागून मागून जेवले. यांचे थोरले भाऊ, घरात त्यांच्यापुढं कोणाचा शब्द चालत नाही. हात धुताना म्हणाले, "कोल्हारच्या बाजारची वांगी लई गोड आली यंदा."
बाजारची! मी दारातच उभी होते. यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घालून ताट पुसून खाल्लं. "दादा, हिनं लावलेली हायेत" एवढं म्हणायला जीभ झिजली असती?

२२ जाने.
लिंबोणीला कळ्या!! मी लग्न होऊन आले त्या वर्षी बी टोचली होती. इतकी वर्षं नुसते काटे. "वांझ झाड, तोडून टाका" हे किती जणींनी म्हणावं. म्हणताना झाडाकडं बघायच्या, माझ्याकडं नाही, एवढाच काय तो उपकार.
जाऊबाईंना हाताला धरून परसात नेलं. त्यांनी फांदीला नाक लावलं. "वास आला गं. दिसत मातर न्हाई, नुसतं पांढुरकं." ओली लाकडं फुंकून फुंकून डोळे गेलेत त्यांचे. सारखं पाणी गळतं, पदर कायम ओला. वैद्याचं काजळ चालू आहे. धुराचं काय करायचं ते कोणी बोलत नाही.

३ फेब्रुवारी
कोथिंबिरीत बुटांचे ठसे. चांगले मोठे, टाचेसकट.
भाऊजी कुण्या साहेबाला घेऊन आले होते. टेप लावून मापं चालली होती, माझ्या परसात, मला न विचारता. काय चाललंय ते घरातल्या एकानंही सांगितलं नाही. चहा द्यायला गेले तेव्हा गवंड्यानं सांगितलं, इस्माईल मिस्त्रींनी. "वहिनी, गोबरगॅसचा खड्डा. लई खोल जाणार. वरनं लोखंडी टोप. मंग चुलीला लाकूड नको."
"कुठं खणणार?"
त्यांनी लिंबोणीकडं हात केला.

४ फेब्रु.
यांना विचारलं. "दादाचं ठरलंय."
मग?
"मग काय. ठरलंय."
पुढचं अंगण केवढं मोठं. गोठा पुढं, शेण पुढं. मग खड्डा मागं का? तर पुढच्या मांडवाखाली भाऊजींची फटफटी असते. तिला ऊन लागता कामा नये. रोज सकाळी फडक्यानं पुसतात तिला. एवढं फडकं बायकोच्या डोळ्यांना कधी लावलं असतं तर.
हे म्हणाले, "झाडं काय, दुसरीकडं लाव."
कुठं? पत्र्यावर?

७ फेब्रु.
बोलले. भासऱ्यांसमोर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाराआडून, पदर सावरून. "भाऊजी, गॅस पाहिजेच. पण जागा पुढं घ्या."
सगळ्यांचे घास थांबले. भाऊजी माझ्याशी नाही, यांच्याशी बोलले. "वसंता, तुझ्या बायकोला सांग, भाजीची काळजी नगं. बाजारातनं पिशवी भरून आणून टाकीत जाईन."
पुन्हा बाजार! मग मलाही राहवलं नाही. "आणि गोठ्यातलं शेण मागं कोण नेणार? अख्ख्या घराला वळसा घालून, रोज?"
सासूबाई म्हणाल्या, "बायका न्हाईत व्हय घरात?"
रात्री भांडी घासताना जाऊबाई माझ्यावरच फणफणल्या. "मोडता घालू नगंस सुमन. माझं डोळं चाललं. येवढा गॅस तरी येऊ दे."
"गॅसला कोण नको म्हणतंय? मी जागेचं बोलले."
"तुला तुझ्या झाडाचं पडलंय."
हो, पडलंय. तसंच म्हटलं मी त्यांना. मग एकमेकींशी न बोलता भांडी पालथी घातली.

१२ फेब्रु.
भाऊजींनी स्वतः चुना टाकून गोल आखला. लिंबोणी बरोबर मधोमध. मी मोरीचं पाणी तिकडं वळवून दिलं. चुना गेला वाहून. दुपारी पुन्हा आखला. संध्याकाळी पुन्हा पाणी. पहिल्यांदा भाऊजी हसले. दुसऱ्यांदा नाही; मोरीला बांध घालून तिसऱ्यांदा आखला.
हे : "लोक काय म्हणतील?"
लोक अळूची पानं मागायला येतात तेव्हा काय म्हणतात ते विचारा एकदा.

१८ फेब्रु.
आज संगमनेरला माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा. मी गेले नाही. माझी पाठ फिरली की खड्डा घेणार, पक्कं ठाऊक होतं. हे एकटेच गेले, तोंड वाकडं करून. नवं लुगडं पेटीतच. दिवसभर लिंबोणीखाली निवडत बसले. आधी गहू, मग डाळ, मग निवडलेलीच डाळ पुन्हा.
आणि मिस्त्री आलेच नाहीत! कोल्हारला कुणाच्या घराचं काम निघालं होतं म्हणे. इकडं कोणी फिरकलंसुद्धा नाही. आईनं ओटी काढून ठेवली असेल. बहीण सारखी दाराकडं बघत असेल. आणि मी इथं राखण करतेय, कशाची, तर...
इतका राग आला की घेवड्यावरची माव्याची कीड नुसत्या हातांनी चिरडत सुटले. एकेक पान, एकेक शेंडा. हात हिरवेगार झाले. तेवढं मात्र बरं वाटलं.

१९ फेब्रु.
हे आले. आईनं साखरेची पुडी आणि खण पाठवलाय. मी का आले नाही म्हणून सगळ्यांनी विचारलं. यांनी सांगितलं, "ताप आलाय." खोटं बोलायचं तेही माझ्या नावावर.
खण बघितला नाही अजून.

२३ फेब्रु.
आजच लिहायचं.
भाऊजी सकाळी एस.टी.नं नगरला गेले. ते जातात न जातात तोच मिस्त्री दोन गडी घेऊन हजर. टिकाव, फावडी, घमेली. सगळं आधी ठरलेलं. मी जाऊन लिंबोणीला पाठ लावून उभी राहिले.
इस्माईलभाई म्हणाले, "वहिनी, माझ्यावर राग नका काढू. चुना हाय तिथं खड्डा. मला काय, मालक सांगंल ते काम."
"मग आधी मला खणा."
गडी टिकावावर हनुवटी टेकून गंमत बघत राहिले. हे ओट्यावरून, "अगं, आत चल, आत चल."
तेवढ्यात जाऊबाई चुलीपुढून उठून आल्या. हातात फुंकणी तशीच. मला वाटलं, आता मलाच बडवतात. पण त्या मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काल मी गोठ्यातनं हितवर शेणाची पाटी आणून बघितली. दोन खेपांत कंबर धरली माझी. मला पुढचं नीट दिसत न्हाई, दोनदा ठेचकाळले. रोज कोन आननार? मालक आननार का तुमचं?"
मिस्त्रींनी हातातलं घमेलं खाली ठेवलं.
"गॅस कुनासाठी हाय?"
"घरासाठी, बाई."
"माझ्या चुलीसाठी हाय. मंग जागा मी दावते. चला."
आणि तरातरा पुढं. मी मागं. गडी माझ्या मागं.
मांडवाखाली फटफटी. जाऊबाईंनी एका बाजूनं धरली, मी दुसऱ्या. काय ते जड धूड! स्टँडवरून हलेना. सासूबाई कोंबड्या सोडून ओरडायला लागल्या, "अगं पडंल, पडंल!" पडलीच. आरसा फुटला. पेट्रोलचा भपकारा आला. मग जाऊबाई म्हणाल्या, "दिसलं न्हाई गं मला," आणि जे हसत सुटल्या, जे हसत सुटल्या! त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मला हसू येईना, रडूही येईना. दोघींनी ती उचलली, ढकलत ढकलत फाटकाबाहेर नेली आणि कुंपणाला टेकवून ठेवली. हे ओट्यावरच. ना मदत, ना मनाई.
चुन्याची बादली मी आणून दिली. जाऊबाईंनी अंदाजानं गोल काढला. गोल कसला, भोपळा. इस्माईलभाईंनी डोकं खाजवलं, पायानं जरा नीट केला आणि गड्याला म्हणाले, "घे."
चुलीवरची भाकरी करपून कोळसा.

सं.
भाऊजी आले तेव्हा खड्डा गुडघाभर झाला होता. कडेला उभे राहिले. मग फटफटीपाशी गेले. आरशाच्या काचा एकेक उचलून रुमालात बांधल्या. जेवले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.
हे म्हणाले, "झालं समाधान?"
नाही झालं. तुम्ही त्या वेळी ओट्यावर उभे होतात, ते कसं विसरू?

२५ फेब्रु.
काम बंद. भाऊजी सांगेपर्यंत मिस्त्री टिकावाला हात लावणार नाहीत. भाऊजी जाऊबाईंशी बोलत नाहीत. ताट समोर ठेवलं की घेतात, पाणी स्वतः उठून घेतात. सासूबाईंचं एकच, "मी म्हनलं हुतं, पडंल." पुढं अर्धा खड्डा, मागं चुन्याचा गोल. गॅस कुठंच नाही. जाऊबाई चूल फुंकताहेत. आज मी त्यांना उठवलं आणि मी बसले फुंकायला. धुरानं डोळे भरून आले. किती वर्षं बसतात या इथं, आणि मी परसात गवत उपटत असायची.
त्या जाऊन परसात बसल्या. म्हणाल्या, वाफ्यातलं गवत हातानं कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. माझी अर्धी कोथिंबीर उपटून टाकली! उपटलेली गोळा करून पाटावर चटणी वाटली.

२७ फेब्रु.
इस्माईलभाई आज आपणहून आले. भाऊजी ओट्यावर दाढी करत होते. "मालक, कुठं खणायचं ते सांगा. न्हाईतर मी दुसरं काम धरतो. गडी बसून हायेत."
भाऊजींनी गालावरून वस्तरा पूर्ण खाली आणला. मग म्हणाले, "इचारा घरात."
खोचून म्हणाले की खरंच, ते कळलं नाही. यांना विचारलं. यांनाही कळलं नाही. "दादाचं काय सांगावं."
जाऊबाई उंबऱ्यात येऊन उभ्या. डोळे लालभडक. मी त्यांच्या शेजारी. त्या म्हणाल्या, "पुढंच खणा."
भाऊजींनी मान वर केली नाही. तोंड पुसलं, टोपी घातली, फटफटीला किक मारली आणि निघून गेले. कुठं जातो, कधी येतो, काही नाही.
आता दुपार उतरलीय. मी ओट्यावर बसून लिहितेय. गडी खणताहेत. खाली मुरूम लागलाय, टिकावाचा आवाज बदललाय. इस्माईलभाई सारखे फाटकाकडं बघताहेत. मोठ्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला की टिकाव थांबतो. ट्रक असला तर पुढं निघून जातो, आणि टिकाव पुन्हा सुरू होतो.