बाकीचे सात बोल्ट

मंगळवार, मलकापूर. दिवेलागण.

कोकणातल्या फेरीबोटीवरून आलेला तुटका बोल्ट समोर ठेवूनच लिहितोय. असे आठ आपल्याच वर्कशॉपमधून गेले. गाड्या-माणसं ज्या फळीवरून बोटीत चढतात, ती यांच्यावर तोललेली. तुटलेलं तोंड निम्मं लख्ख, निम्मं तपकिरी. म्हणजे खारं पाणी आत कधीचंच शिरलं होतं, आणि लाटेच्या प्रत्येक हिसक्याला चीर पुढं सरकत होती.

बोटवाल्यांनी साधेच बोल्ट मागितले होते. मीच म्हणालो, माणसांच्या जिवाचं काम आहे, आमच्यातले सगळ्यात कडक घ्या. उसाच्या ट्रॉलीला कधी दगा दिला नाही, समुद्रात काय देतील? खाऱ्या पाण्यात असलं कडक पोलाद उलट लवकर चिरतं, हे मला आज कळलं. आज.

बोटीवरचा फोरमन म्हसवडचा. फोन करून म्हटलं, बोट थांबव.

"आवं मालक, तुटल्याच्या जागी नवा बसवलाय की. बाकीचे सात चकाचक हायत, सोता पुसून बघितलं. उद्या पलीकडं जत्रा हाय, बोट कशी थांबवू?"

फोन ठेवल्यावर मीही हा तुकडा पुसून बघितला. तपकिरी फक्त आत आहे. बाहेरून हाही चकाचक.