न कापायची पट्टी

प्रिय लुटेंगानो,

तुला दवाखान्यात पाठवायचा बटाट्यांचा डबा भरताना तुझी वहिनी म्हणाली, भावाला दोन ओळी तरी लिहा. म्हणून बसलोय.

पाइनचं झाड पाडताना बुंध्यात तीन बोटं रुंद पट्टी न कापता सोडायची. तिच्यावर झाड दारासारखं वळतं आणि आपण ठरवू तिकडेच पडतं. हे मला न्जोंबे गावी झाडतोडीच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. परत आल्यावर मी तसं एक झाड पाडलं, तर आपल्या तुकडीतला येरेमिया म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, "तीन आठवडे फुकटचं खाऊन आला, आता झाड पुरतं कापायचीही ताकद उरली नाही होय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढचं झाड आरपार कापलं.

तू शेजारीच उभा होतास. करवत नुकतीच हाती घेतली होतीस.

काल कामावर नव्या मजुरांची तुकडी आली. त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं, झाड बुंध्यावरून घसरून तुझ्या पायावर कसं आलं. "न शिकलेल्या माणसाचं असं होतं," म्हणाले. मी मागे उभा राहून मान डोलावली. प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर आहे ना.

तूही तिथं सगळ्यांना तेच सांगतोस म्हणे, "दादासारखं शिकलो असतो तर पाय वाचला असता."

तू शिकला होतास रे. दादासारखंच कापलंस.

डबा मघाशीच गेला. हा कागद माझ्या खिशातच राहणार आहे.

तुझ्यापुढे यायची हिंमत नसलेला,
ओबेद