दुसऱ्या दिवसाची वही

चि. सौ. अर्गिरो हिला थोरल्या चुलतबहिणीचे, म्हणजे पोलिक्सेनीचे, भरघोस आशीर्वाद. इकडे डोंगरात सगळे धडधाकट आहेत, बकरीसुद्धा. तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का? नसेल तर मध दे आणि सिगारेटी लपव. (कुठे लपवायच्या ते सांगत नाही. सांगितलं तर तू तेही वहीत लिहून घेशील.)

वहीवरून आठवलं. थेसालोनिकीला त्या केसांच्या रंगवाल्या कंपनीनं आपल्याला तीन दिवस शिकवलं, तेव्हा तू पहिल्या बाकावर बसून मास्तरांची शिंकसुद्धा उतरवून घेत होतीस. मी हसले होते. अगं, बावीस वर्षं या गावाची डोकी माझ्या हाताखालून जातायत, मला काय शिकवणार? आणि सर्टिफिकेट दोघींना सारखंच मिळालं की. माझं आरशावर टांगलंय, तुझं कपाटात पडलंय म्हणे. आता मधल्या दिवशी मी वर्गात नव्हते, हे खरं. पण स्टेर्गिओसच्या लग्नात वरमाईनं काय जुने बूट घालून चर्चमध्ये उभं राहायचं? नवे घेतले. (चावतात.)

तर मंगळवारी ग्लीकेरिया आली, आमची होणारी विहीण. "लग्नासाठी मला सोनेरी कर," म्हणाली. मी विचारलं, याआधी केसांना काही लावलंयस का? दुकानात चार बायका बसलेल्या. ती देवमातेची शपथ घेऊन म्हणाली, "मी? अगं, माझ्या आईचे केस सत्तरीतही काळेभोर होते!" मी विश्वास ठेवला. विहिणीच्या शपथेवर विश्वास ठेवू नये, एवढं तर मला कुठल्याही वर्गाशिवाय ठाऊक होतं.

रंग उतरवायचं औषध लावलं. पाच मिनिटांत तिचं डोकं तव्यासारखं तापलं. "भाजतंय गं बये, भाजतंय!" घाईघाईनं धुतलं आणि बघते तर बाई हिरवी. कोवळ्या वाटाण्याची हिरवी असती तरी चाललं असतं, ही चुलीवर विसरलेल्या पालेभाजीची. चारही बायका छातीवर क्रूस काढायला लागल्या. मग रडत रडत कबूल झाली की दहा वर्षं फेरीवाल्याकडचं केस काळे करायचं पाणी चोरून लावतेय. "या डोक्यानं मी चर्चची पायरी चढणार नाही, पोलिक्सेनी. आणि मी नाही तर माझी पोरगीही नाही!" तेव्हापासून स्टेर्गिओस माझ्याशी बोलत नाही, नीट जेवतही नाही. पोराचं तोंड बघवत नाही गं. मला खरंच भीती वाटतेय.

तरी माझं म्हणणं कायम आहे, अनुभव तो अनुभव. बाकी सगळे मजेत.

तुझी,
पोलिक्सेनी

ता. क. ग्लीकेरियाच्या बाटलीवर धातूबितूचं काहीतरी लिहिलंय. दुसऱ्या दिवशी मास्तर धातूबद्दल बोलले होते का? आणि आधी मागची एक बट कापून तिच्यावर औषध लावून बघायचं, असंही काही होतं म्हणे? तेवढं पान पाठव.

पुन्हा ता. क. पान नको, तूच ये. लग्न रविवारी आहे. शुक्रवारच्या बसनं पेटी आणि वही घेऊन नीघ. (फोन केला असता, पण तो कॉफीच्या दुकानात आहे आणि तिथे कान फार.)

शेवटचा ता. क. गावात कुणी विचारलंच, तर तू माझ्या हाताखाली शिकलीस असं सांगायचं. दुकानाचं दार आतून लावलं की मी पहिल्या बाकावर बसेन.