चुकीबद्दल दिलगीर

सोमवार
आले एकदाची. नातीनं मला खिडकीची खोली दिली आणि वर ही वही. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं लिहायचं काय? तर म्हणे, दिसेल ते. बरं. पुढच्या खोलीत दोन टेबलं दिसतात. एकावर नात, दुसऱ्यावर तिचा जोडीदार. कामातला, नवरा नव्हे. मी आल्या आल्या विचारून घेतलं. त्याला मी दाढीवाला म्हणते. दोघं मिळून शहराच्या बातम्या लिहितात. कागदावर नाही, ई-मेलनं. वर्गणीदाराला सकाळच्या चहाआधी पत्र पोचतं. वर मालक नाही, जाहिराती नाहीत, कोणाचं मिंधेपण नाही.

मलाही कामाला लावलं. पत्र पाठवण्याआधी नात मला वाचून दाखवते. मला कळलं नाही ते वाक्य बाद. आज बरीच मारली. दाढीवाल्यानं विचारलं, आजी, तुम्ही संपादक की कसाई? म्हटलं, किडकी पानं काढल्याशिवाय भाजी शिजवतोस का रे तू?

मंगळवार
यांची एक खोड मला आवडली. चूक झाली की पत्राच्या तळाशी ‘दुरुस्ती’ छापतात, खाली ‘चुकीबद्दल दिलगीर आहोत’. नात म्हणते, चूक झाकली की पेपर मेला. वर्गणीदार त्यावरच भाळलेत. बातमीवरून भांडतील, दुरुस्तीवर कोणी शंका घेत नाही.

आजची दुरुस्ती : चौकात बाक असल्याचं लिहिलं होतं, तिथे बाक कधीच नव्हता. आता काय बोलावं! काल मी त्याच बाकावर नातीची वाट बघत बसले होते. खिळ्याला अडकून शाल फाटली, ती खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईकडे रफूला टाकलीय. जाऊन पाहिलं. गुळगुळीत फरशी. तिथल्या न्हाव्याला विचारलं. तो वर्गणीदार. म्हणाला, इथं कुठला बाक, आजीबाई, ऊन लागलं का?

नातीला वाटतं दुरुस्ती दाढीवाल्यानं लिहिली. दाढीवाल्याला वाटतं नातीनं.

बुधवार
आज छापलंय, पाण्याच्या बातमीत एका शिंपीणबाईंचं म्हणणं दिलं होतं, पण अशा कोणी बाई या इमारतीत राहत नाहीत. मी तशीच जिना उतरले. तिच्या दाराला गंजकं कुलूप, वर जळमटं. काल याच दारात उभी राहून ती मला म्हणाली होती, आजी, शाल जुनी पण तुमच्यासारखीच चिवट आहे हो.

नातीला सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही, बाई, मला ताप नाही.

गुरुवार
पुढच्या खोलीत एकच टेबल.

दुरुस्ती अशी : ‘आम्ही दोघे’ असा उल्लेख झाला होता, हे पत्र एकच व्यक्ती चालवते. दाढीवाला कुठाय विचारलं तर नात हसली. कोण दाढीवाला, आजी? मी तर पहिल्यापासून एकटीच आहे. फरशीवर दुसऱ्या टेबलाच्या पायांचे डाग आहेत, मी बोट ठेवून दाखवले. म्हणाली, डाग जुने असतील.

आता माझ्या टाळक्यात उजेड पडला. ज्याला ते पत्र पोचतं, त्याला तेच खरं वाटतं. मला ई-मेल नाही, म्हणून मी एकटी शहाणी. आणि शहाण्या म्हातारीचं ऐकतो कोण!

शुक्रवार
पाया पडले तिच्या. मी, जिनं हिला आई-बापामागे वाढवली, हिच्या पाया पडले. बंद कर म्हटलं. ती म्हणाली, पत्र ठरल्या वेळी आपोआप जातं, आणि एकदा गेलेलं परत बोलावता येत नाही. मग दुरुस्ती तरी छापू नकोस. तर म्हणे, तेवढी एकच गोष्ट मी करू शकत नाही, आजी. आपण बाकीच्यांसारखे नाही.

मी तिच्या कॉम्प्युटरची वायर उपटली. तरी खाली चौकात न्हाव्याचा फोन वाजलाच.

आजच्या पत्रात तिनं स्वतःबद्दल लिहिलंय. मी कोण, मला आजीनं कसं वाढवलं. वाचून दाखवत होती तेव्हा मी म्हटलं, कळलं नाही, सगळं बाद कर. पहिल्यांदाच तिनं माझं ऐकलं नाही. वर मला नवा फोन दिला. ई-मेलसकट. वर्गणीदार केलं मला. लाडानं.

शनिवार
टेबल नाही. तिची गादी नाही. मोरीत एकच ब्रश — माझा.

हाक मारली. रस्त्यावर उतरून मारली. न्हावी विचारतो, कोणाला शोधताय?

फोन वाजतोय. उघडणार नाही. पाण्याच्या पिंपात टाकला — तिथूनही —

रविवार
दुरुस्ती : या वहीत ‘माझी नात’ असा उल्लेख वारंवार आला आहे. वस्तुतः अशी कोणीही —

नाही. हात माझा आहे, शब्द माझे नाहीत. ती आहे. ऊ झाली की मी तिचं डोकं मांडीवर — दूध उतू जाऊन भाजली होती, डाग आहे तिच्या डाव्या दंडावर — डाव्या की उजव्या — तिच्या — कोणाच्या