दोन बोटं, दोन कप्प्या

प्रिय मास्तर,

शाळेत शिकवायला लागल्यापासून घरात तुझं हेच नाव आहे, म्हणून तेच लिहिते. 'प्रिय' हाताच्या सवयीने पडलंय, त्यावर जाऊ नकोस.

परवा काकांकडे चारचौघांत तू म्हणालास, "ताई बाबांना धरून बसते खरी, पण वस्तू जागची हलली नाही तर विज्ञानात काम शून्य." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन पातेलं असं आपटलं की त्याला पोचा आला. तुझं विज्ञान खरं असेल. पण पाणी पाजताना मी बाबांना पाठीशी हात देऊन वीस मिनिटं धरते. ते इंचभर हलत नाहीत आणि माझे दंड मात्र भरून येतात. ते का, हेही शिकव वर्गात. त्याआधी तू बाबांच्या उशाशी उभा राहून म्हणाला होतास, ताईला आता ते उचलत नाहीत, त्यांना काही कळतही नाही, दुसरीकडे सोय बघायला हवी. त्यांची वाचा आणि उजवी बाजू गेलीय रे, कान नाही गेले.

त्या दिवशी तू घरून गेलास आणि मी हट्टाला पेटले. तुझा पाळणा टांगायचो ती छताची कडी आठवते? आधी तिला मी स्वतः लोंबकळून पाहिलं. मग एक कप्पी अडकवली, बाबांच्या पाठीमागून रुंद पट्टा घेतला, दोर बांधला आणि ओढला. जोर तेवढाच लागला. वर उचलायचं ते खाली ओढायचं, एवढाच काय तो फरक. मी दोरावर चिडले, कडीवर चिडले, तुझ्यावर तर होतेच. बाबा डाव्या हाताची दोन बोटं दाखवत होते. मी दोन उशा दिल्या, त्यांनी एक फेकली. दोन घोट पाणी दिलं, ते थुंकले. मग त्यांनी कप्पीकडे बोट केलं, पट्ट्याकडे केलं, पुन्हा दोन बोटं, आणि कपाळावर हात मारला. तीस वर्षं गोदामात कप्पीने ओझी चढवणारा माणूस तो, त्याला माझा अडाणीपणा बघवेना.

दुसरी कप्पी पट्ट्याला लावली. दोराचं एक टोक कडीला बांधलं, दुसरं खालच्या कप्पीतून वरच्या कप्पीवर घेतलं. भार दोन पदरांवर आला आणि जोर निम्म्यावर. वीतभर उचलायला दोन विती दोर ओढावा लागतो, पण लागू दे, मला कुठे जायचंय.

काल मी दोर धरायला गेले तर बाबांनी माझा हात झटकला. डाव्या हाताने स्वतःच ओढत, थांबत, दम घेत उठून बसले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मीच खाली बसले.

सोमवारी त्यांना आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेत न्यायला तू गाडी सांगितलीस, हे मला काकूकडून कळतंय. तुझ्याकडून नाही. ती गाडी रद्द कर आणि तू एकटा ये. ते कसे उठतात ते बघ. मग मी दोर सोडवीन आणि तू त्यांना वीस मिनिटं नुसतं धरून बस, न हलवता. त्यानंतर काम किती झालं ते बाबांना तोंडावर सांग. त्यांना सगळं कळतं.

तुझीच,
शून्य काम करणारी ताई