माझी एक सही मी मागे घेतो

मी, धम्मरत्न भीमराज ओव्हाळ, वय ५९, राहणार दिघी, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत दम उरलेला नाही, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा जुना मालक सयाजी पडवळ मला भ्रमिष्ट ठरवायला कमी करणार नाही.

१. दिघीतील दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझ्या पश्चात पत्नी कस्तुरा हिचं. ती हयात असेपर्यंत ते विकण्याचा विषय कोणीही काढू नये.

२. बँकेतील ठेव मुलगी दीक्षा हिच्या शिक्षणासाठी. लग्नाच्या हॉलवर त्यातलं काहीही जाऊ नये.

३. माझी कामाची वही दीक्षालाच. सयाजीने ती दोनदा मागितली. त्याला ती दिसूही नये. चाकणजवळच्या त्याच्या गाळ्यात मी बावीस वर्षं काढली. औषधांच्या आणि गाड्यांच्या कारखान्यांतून वापरून संपलेला कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारी पूड, ड्रम भरभरून यायचा. बघणाऱ्याला राखाडी माती वाटेल, पण तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं. आम्ही ती भाजायचो, आम्लात विरघळवायचो, गाळायचो. नवसागर घातला की तळाशी पिवळी पूड बसायची आणि ती तापवली की प्लॅटिनम हाती यायचं. किती आम्ल, किती आच, हे सगळं माझ्या हाताने शोधलेलं त्या वहीत आहे. त्याच पिवळ्या पुडीने माझी छाती धरली. सयाजीने त्याच्या डॉक्टरकडून लिहून घेतलं, 'दमा विडीमुळे.' मी जन्मात विडी ओढलेली नाही.

४. आता बरकतबद्दल. बरकत शेख माझ्या जोडीला होता. १४ मार्च २०१७, सकाळची पाळी. आम्लाचा धूर खेचून घेणारा ब्लोअर अकरा दिवस बंद होता. मी सयाजीला सांगितलं, "साहेब, आज आम्ल ओतायला नको." तो म्हणाला, "दारं उघडी ठेवा. बॅच दुपारपर्यंत पाहिजे." मी बादली उचलली, तर बरकतने ती हातातून काढून घेतली. "रतनभाऊ, तुमची छाती आधीच वाजतेय. तुम्ही बाहेर थांबा, मी ओततो." मी बाहेर थांबलो. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तांबूस धुराचा लोट उठला. बरकत खोकत बाहेर आला, चहा प्यायला, "काही नाही झालं" म्हणत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुप्फुसांत पाणी भरून तो गेला.

तिसऱ्या दिवशी सयाजीने माझ्यासमोर कागद ठेवला: ब्लोअर चालू होता, बरकतने मास्क स्वतः काढला. कसला मास्क? आम्ही तोंडाला रुमाल बांधायचो! माझा मेव्हणा म्हणाला, "सही करून टाका दाजी, मेलेला परत येतोय का?" मी सही केली. चूक बरकतची ठरली. मेव्हण्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, माझं घड्याळसुद्धा नाही. पण हात माझा होता, त्याचा नव्हता.

५. ती सही मी मागे घेतो. मेल्यावर उघडायच्या कागदात सत्य लपवणं हाही भेकडपणाच, म्हणून खरा जबाब प्रतिज्ञापत्रावर लिहून मागच्या सोमवारी कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात दिला. नंतर काळेवाडीला बरकतच्या बायकोकडे, खातूनबीकडे गेलो आणि तो वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यांनी मास्क का काढला, म्हणून मी आठ वर्षं त्यांच्यावर चिडलेय भाऊ. दुआ मागतानाही भांडलेय." मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "माफी नका मागू, मला देता येणार नाही. कागद ठेवून जा. नदीमला वाचू दे. त्याच्या बापाची चूक नव्हती, हे त्याला कळू दे."

या जबाबावरून खटला उभा राहिला, तर त्याचा खर्च माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून व्हावा. उरेल ते खातूनबीचं.

६. माझ्या अंत्यविधीला सयाजीचा हार घेऊ नये. तो स्वतः आलाच, तर कस्तुराने त्याला घालवून द्यावं. काय बोलायचं ते तिला शिकवावं लागणार नाही.

७. या सर्वाची अंमलबजावणी दीक्षा करील. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करण्याइतका श्वास राहील असं वाटत नाही.

ठिकाण: दिघी
दिनांक: ९ जून २०२५

धम्मरत्न भीमराज ओव्हाळ (सही)

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील सही झाली:

१. डॉ. निरंजन केळुसकर, भोसरी (सही)

२. ज्योतीराम वाळुंज, रहाटणी (सही)
मी अजून सयाजी पडवळ यांच्याच गाळ्यात कामाला आहे. त्या सकाळी मी दारात ड्रम उतरवत होतो. आजवर मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ब्लोअर बंद होता.